चर्चेचा तास: तयारीपासून मूल्यमापनापर्यंत

"चला, आता यावर चर्चा करू या," असं म्हणून शिक्षक टेबलाला टेकतात. वर्गात सामसूम. पुढच्या बाकावरचे नेहमीचे दोघं-तिघं काहीतरी बोलतात, बाकीचे वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या मारतात, आणि दहाव्या मिनिटाला शिक्षक स्वतःच उत्तर सांगून मोकळे होतात. स्टाफरूममध्ये मग ठरलेलं वाक्य येतं: "मुलांना बोलायचंच नसतं हो."

मुलं बोलत नाहीत हे खरं. पण त्यांनी काय वाचून, कोणत्या प्रश्नावर आणि कुणाशी बोलायचं, हे बहुतेक वेळा कुणी ठरवलेलंच नसतं. चर्चेचा तास व्याख्यानापेक्षा जास्त तयारी मागतो आणि ती जवळपास सगळी वर्गात पाऊल टाकण्याआधी करावी लागते. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांसाठी ती तयारी इथे क्रमाने मांडतो. उदाहरण मात्र सगळीकडे एकच वापरलं आहे, म्हणजे एक तास पुरता उभा राहताना दिसेल.

एवढा खटाटोप कशासाठी

एकाच दस्तऐवजावरून दोन इतिहासकार वेगवेगळे निष्कर्ष काढतात आणि मग एकमेकांसमोर पुरावे ठेवतात. एका कडव्यावरून समीक्षकांचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात. मानव्यविद्यांचं रोजचं काम हेच आहे. विद्यार्थ्याला या वादांचा नुसता निकाल लिहून दिला, तर तो पदवी घेऊन बाहेर पडतो तरी ते काम त्याने एकदाही केलेलं नसतं.

ब्राझीलचे शिक्षणचिंतक पाउलो फ्रेरे यांनी १९६८ साली अशा शिकवण्याला 'बँकेची पद्धत' म्हटलं: शिक्षक ज्ञानाची ठेव ठेवणार आणि विद्यार्थी ती मुकाट्याने सांभाळणार. परीक्षेच्या दिवशी ती जशीच्या तशी काढून दाखवायची, ही भर आपण घातली. फ्रेरे यांचं नाव घेऊन काही जण सांगतात की शिक्षकाने फक्त बाजूला व्हावं, बाकी सगळं आपोआप होतं. मला ते अजिबात पटत नाही. शिक्षक बाजूला झाला की वर्ग सगळ्यात मोठ्या आवाजाच्या मुलाच्या ताब्यात जातो. यात मुक्ती कसली?

संवादातून शिकवण्याची रीत नवीही नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिताना जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाचा घाट निवडला. वाचकाच्या मनात येणारी शंका धोंडीबा आधीच विचारतो आणि जोतीरावांना तिचं उत्तर द्यावं लागतं. आपल्या वर्गात धोंडीबा साठ-सत्तर असतात. अडचण एवढीच की त्यांना विचारायला कुणी सांगितलेलं नसतं.

पायरी पहिली: काय सांगायचं आणि काय खुलं ठेवायचं

सगळंच चर्चेला ठेवू नका. सनावळी, नकाशा, संज्ञांचे अर्थ, लेखक कोण आणि कोणत्या काळातला, हे सरळ फळ्यावर लिहून दहा मिनिटांत सांगून टाका. "तुम्हाला काय वाटतं, ही लढाई कधी झाली असेल?" असले प्रश्न म्हणजे चर्चेचं सोंग आहे, आणि मुलांना ते लगेच कळतं.

प्रश्न खुला आहे की नाही, हे ताडण्याची माझी कसोटी साधी आहे. तोच उतारा नीट वाचलेल्या दोन शहाण्या माणसांचं त्यावर मत वेगळं होऊ शकतं का? आणि दोघांनाही आपल्या बाजूने उताऱ्यातली ओळ दाखवता येते का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर प्रश्न वर्गात न्या. एखादं हत्याकांड घडलं की नाही, हा पुराव्याने मिटलेला विषय असेल तर त्यावर दोन बाजू मांडायला लावणं हा बेजबाबदारपणा आहे. शेजारी राहणारी साधी माणसं त्यात कशी सामील झाली, हा प्रश्न मात्र खुला आहे आणि फार कठीणही.

पायरी दुसरी: उतारा

चर्चा 'विषयावर' ठेवली की ती वर्तमानपत्री मतांकडे घसरते. ती उताऱ्यावर ठेवा. एक ते दोन पानं पुरेत. प्रत प्रत्येकाच्या हातात हवी आणि ओळींना क्रमांक टाकलेले हवेत. हे क्रमांक क्षुल्लक वाटतात, पण 'सतराव्या ओळीत बघा' असं म्हणता आलं की निम्मी वायफळ बडबड आपोआप थांबते.

मी इथे घेतो तो उतारा थ्युसिडिडीज या ग्रीक इतिहासकाराचा. इसवी सनापूर्वी ४२८ साली लेस्बॉस बेटावरच्या मिटिलीनी नगराने अथेन्सविरुद्ध बंड केलं. पुढच्या वर्षी ते मोडलं. संतापलेल्या अथेन्सच्या सभेने ठराव केला की तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार करा आणि बायका-मुलांना गुलाम करा. हुकूम घेऊन जहाज निघालं. दुसऱ्या दिवशी लोकांना आपला ठराव भलताच क्रूर वाटू लागला आणि सभा पुन्हा बसली. क्लेऑन म्हणाला, ठराव बदलू नका. डायोडोटस म्हणाला, बदला. दोघांची भाषणं थ्युसिडिडीजने एकापाठोपाठ एक दिली आहेत. मुळातली भाषणं लांब आहेत, म्हणून प्रत्येकाचं एकेक पान काढून घ्या.

हा उतारा मला सोयीचा वाटतो, कारण यातला वाद मिटिलीनीबद्दल आहे तितकाच वादविवादाबद्दलही आहे. क्लेऑन सभेला झापतो: तुम्ही निर्णय घ्यायला आलेले नागरिक आहात की भाषणांची मजा लुटायला आलेले प्रेक्षक? वारंवार फेरविचार करणाऱ्या हुशार लोकांपेक्षा कायद्याला चिकटून राहणारी सामान्य माणसं राज्य बरं चालवतात, असं त्याचं म्हणणं. डायोडोटस उलट सांगतो की घाई आणि संताप हे शहाण्या निर्णयाचे दोन मोठे शत्रू आहेत. म्हणजे चर्चा हवीच कशाला, हा वर्गातल्या कंटाळलेल्या मुलाचा प्रश्न उताऱ्यातच बसलेला आहे.

सभेने शेवटी काय ठरवलं, ते आधी सांगू नका. उताऱ्यातून तो भाग कापून टाका.

पायरी तिसरी: प्रश्न लिहिणे

तीन प्रश्न लिहा. त्यांतला एकच वापरला जाईल हे गृहीत धरा.

प्रश्न विचारण्याचा विषय निघाला की सॉक्रेटिसचं नाव येतंच. पण प्लेटोच्या 'मेनो' या संवादातला तो प्रसिद्ध प्रसंग नीट आठवून बघा. सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायला सांगतो. मुलगा आधी चार फूट म्हणतो, मग तीन, आणि शेवटी कर्णाशी पोचतो. भूमितीसाठी हे छान आहे, कारण उत्तर एकच आहे आणि विचारणाऱ्याला ते आधीपासून ठाऊक आहे. मुलाच्या वाट्याला बराच वेळ 'हो' आणि 'बरोबर' एवढंच येतं. साहित्याच्या किंवा इतिहासाच्या तासाला हा नमुना घेतला की मुलं उताऱ्याकडे बघायचं सोडून शिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघू लागतात.

म्हणून प्रश्न लिहिल्यावर स्वतःला विचारा: याचं उत्तर मला पक्कं माहीत आहे का? असेल तर तो प्रश्न चाचणी परीक्षेसाठी ठेवा.

मिटिलीनीच्या उताऱ्यावर पहिल्यांदा सुचतो तो प्रश्न म्हणजे 'कोणाची बाजू बरोबर?' तो टाकून द्या. सगळे डायोडोटसच्या बाजूला जातील आणि पाच मिनिटांत विषय संपेल. मुलांना वाटतं तो दयाळू आहे. आता उतारा बघा. डायोडोटस दयेची भीक मागतच नाही. तो म्हणतो, आपण न्यायालयात बसलेलो नाही, त्यांचा गुन्हा किती मोठा हा मुद्दा नाही, आपला फायदा कशात आहे ते बघू. आणि भाषणाच्या सुरुवातीलाच तो आणखी एक विलक्षण गोष्ट सांगतो: या सभेत चांगला सल्ला देणाऱ्यालाही लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून खोटं बोलावं लागतं.

आता खरा प्रश्न तयार होतो. खोटं बोलावं लागतं असं जाहीर सांगणारा हा माणूस पुढे 'मला फक्त फायद्याशी देणंघेणं आहे' म्हणतो, तेव्हा आपण त्याच्यावर विश्वास ठेवायचा का? त्याला दया वाटत नाही, की दयेची भाषा या सभेत चालणार नाही हे ओळखून तो ती लपवतोय? मला याचं पक्कं उत्तर माहीत नाही. दर वेळी कुणीतरी अशी ओळ दाखवतं की माझं मत थोडं सरकतं. असा प्रश्न सापडला की तयारी झाली.

पायरी चौथी: आधी कागद, मग तोंड

प्रश्न फळ्यावर लिहा आणि चार मिनिटं सगळ्यांना लिहायला लावा. उत्तर काहीही असो, पण त्याला आधार देणारा एक ओळ-क्रमांक लिहिलाच पाहिजे. मग शेजाऱ्याशी तीन मिनिटं बोलायचं, आणि त्यानंतर सगळ्या वर्गात. 'विचार करा, जोडीत बोला, सगळ्यांना सांगा' हा क्रम फ्रँक लायमन यांनी १९८१मध्ये मांडला. आता तो इतका सर्रास वापरला जातो की त्यातलं लिहिण्याचं काम बरेच जण गाळून टाकतात. ते गाळू नका. बुजरा मुलगा सत्तर जणांसमोर सुचेल ते बोलणार नाही, पण स्वतःच्या हाताने लिहिलेलं वाचून दाखवेल.

पायरी पाचवी: बसायचं कसं

अमेरिकेतल्या फिलिप्स एक्सेटर अकॅडमीला १९३० साली एडवर्ड हार्कनेस यांनी मोठी देणगी दिली आणि तिथे लंबगोल टेबलाभोवती डझनभर मुलांनी बसून शिकण्याची पद्धत सुरू झाली. वर्गात डझनभरच मुलं असतील तर पुढची पायरी वाचा. बाकीच्यांसाठी, म्हणजे जिथे बाकं जमिनीत ठोकलेली आहेत आणि पटावर सत्तर नावं आहेत तिथल्यांसाठी, दोन रचना चालतात.

एक, आतलं आणि बाहेरचं वर्तुळ. दहा जण पुढे गोल करून बसतात आणि बोलतात. बाकीचे ऐकतात, पण रिकाम्या हाताने नाही. बाहेरच्या प्रत्येकाने आतल्या एकाचा मुद्दा टिपायचा आणि पंधरा मिनिटांनी त्यालाच प्रश्न विचारायचा. मग दहा जण बदलायचे.

दुसरी रचना मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरनसन यांची. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानेच एका वर्गात आली होती आणि वातावरण तापलेलं होतं. अॅरनसन यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकेकच तुकडा दिला. पूर्ण धडा समजायचा तर ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. इथे अर्ध्या वर्गाला फक्त क्लेऑनचं पान द्या आणि अर्ध्याला डायोडोटसचं. मग दोन्हींकडचे दोन-दोन जण घेऊन चौघांचे गट करा. समोरच्याचं भाषण त्याच्याकडूनच समजून घ्यावं लागतं, आणि 'तो असं कुठे म्हणतो, दाखव' हे वाक्य शिक्षकाऐवजी मुलांच्या तोंडी येतं.

पायरी सहावी: तास चालू असताना

सगळ्यात अवघड काम गप्प राहण्याचं. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमध्ये मोजलं तेव्हा आढळलं की प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. विज्ञानाच्या प्रश्नाला तीन सेकंद, तर डायोडोटसच्या खोटेपणाला दहा तरी द्या. दहा सेकंद फार लांब वाटतात. मनातल्या मनात अंक मोजा, खडू नीट ठेवा, काहीही करा, पण प्रश्न पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारू नका. तसं केलं की मुलं पहिल्या प्रश्नावर विचार करायचं सोडतात.

दुसरं काम उत्तरानंतरचं. ह्यू मेहन यांनी १९७९मध्ये वर्गातल्या बोलण्याचा साचा दाखवून दिला: शिक्षक विचारतो, विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक शेरा मारतो. तिसरी खेळी शेऱ्याची असली की संवाद तिथेच मिटतो. मार्टिन निस्ट्रँड यांनी अमेरिकेतल्या आठवी-नववीच्या वर्गांची पाहणी १९९७मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा मोकळी चर्चा एका तासात सरासरी एक मिनिटही होत नव्हती, असं दिसलं. चर्चा घेतोच, असं मानणारे शिक्षकही त्यांत असणारच.

ही तिसरी खेळी कशी बदलायची, ते जवळून बघू. समजा, एक मुलगी म्हणाली, "सर, क्लेऑन नुसता क्रूर आहे."

नेहमीचा प्रतिसाद: "बरोबर. अजून कोण सांगेल?" संपलं.

त्याऐवजी विचारा, "कोणत्या ओळीवरून म्हणतेस?" ती शोधते. वर्ग थांबतो. "नवव्या ओळीत तो म्हणतोय की तुमचं साम्राज्य ही हुकूमशाही आहे, आणि लोक तुमच्या हाताखाली नाइलाजाने राहतात." तुम्ही काहीच बोलायचं नाही. कुणीतरी मागून म्हणेल, "मग यात क्रूर काय? खरंच तर बोलतोय तो." आता मुलीकडे न बघता वर्गाकडे बघा आणि विचारा, "हिचं म्हणणं आणि याचं म्हणणं एकत्र खरं असू शकतं का?"

एवढंच करायचं होतं. क्रूर माणूस खरं बोलतोय आणि दयाळू माणूस कदाचित खोटं, हे कोडं आता मुलांनीच टेबलावर आणलं आहे. शिक्षकाच्या खिशात अशी पाच-सहा वाक्यं तयार हवीत: 'कुठे म्हटलंय?', 'हे आधीच्या मुद्द्याला छेद देतंय का?', 'तिचं म्हणणं तुझ्या शब्दांत सांग, मग विरोध कर.' शेवटचं वाक्य सर्वांत उपयोगी. समोरच्याला 'हो, हेच म्हणायचं होतं मला' असं कबूल करायला लावल्याशिवाय खोडून काढायचं नाही, हा नियम सुरुवातीला चिडचिड करतो, पण तिसऱ्या-चौथ्या तासापासून मुलं तो एकमेकांवर लादू लागतात.

बोलणारे, न बोलणारे आणि शिक्षकाची सत्ता

सतत बोलणाऱ्याला गप्प करण्यापेक्षा काम द्या: आज तू फळ्यावर सगळ्यांचे मुद्दे लिही. हात चालू असताना तोंड जरा थांबतं. न बोलणाऱ्याला अचानक उठवू नका. लिहायच्या वेळी बाकांमधून फिरताना त्याच्या वहीत डोकावा आणि हळूच सांगा, "हे चांगलं आहे, पाच मिनिटांनी विचारतो तुला, चालेल?"

विषय जातीचा, धर्माचा, लिंगभेदाचा असेल तर त्या अनुभवातून गेलेल्या मुलाला 'तू सांग, तुमच्याकडे कसं असतं' असं कधीही विचारू नका. त्याला हवं तेव्हा तो बोलेल. बोलला नाही तर उतारा आहेच. कुणी टोचणारं बोललं, तर ते ऐकलंच नाही असं दाखवणं सगळ्यात वाईट. तास थांबवा, त्या वाक्यात गृहीत काय धरलंय ते वर्गाला विचारा. वाक्य माणसाला उद्देशून असेल तर चर्चा संपली, तिथे शिक्षक म्हणून स्पष्ट नाही म्हणा.

आणि शिक्षकाचं काय? बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला एकामागून एक प्रश्न विचारत जाते, आणि एका टप्प्यावर तो म्हणतो, जास्त विचारू नकोस, नाहीतर तुझं डोकं गळून पडेल. ती थांबते. पण थोड्या वेळाने त्याच सभेत पुन्हा उठून आणखी दोन प्रश्न विचारते, आणि त्यांची उत्तरं त्याला द्यावी लागतात. 'हे सिलॅबसमध्ये नाही' हा आपला आजचा याज्ञवल्क्यी इशारा. सगळ्याच मुली गार्गीसारख्या पुन्हा उभ्या राहत नाहीत.

पायरी सातवी: शेवटची दहा मिनिटं

कुणीतरी विचारतंच, "पण सर, खरं उत्तर काय?" तेव्हा 'सगळीच उत्तरं बरोबर' असं म्हणू नका. ते खरंही नाही. काही वाचनांना ओळींचा भक्कम आधार असतो, काहींना नसतो. कोणती दोन वाचनं टिकली आणि कोणतं कोसळलं, ते फळ्यावर दाखवा. स्वतःचं मत सांगायला हरकत नाही, पण ते शेवटी आणि ओळ-क्रमांकासकट.

मग कापलेला भाग वाचा. मतदान अगदी थोड्या फरकाने डायोडोटसच्या बाजूने गेलं. दुसरं जहाज निघालं. वल्हेकऱ्यांनी वल्ही न सोडता वाइनमध्ये आणि तेलात कालवलेलं जवाचं पीठ खाल्लं आणि पाळीपाळीने झोपले. पहिलं जहाज असल्या कामाला जायचं म्हणून रेंगाळत चाललं होतं. पहिला हुकूम वाचून झाला आणि आता अंमल होणार एवढ्यात दुसरं जहाज पोचलं. नगर वाचलं. पण बंडाचे सूत्रधार ठरवून अथेन्सला आणलेल्या हजाराहून अधिक माणसांना मारण्यात आलंच, आणि तो प्रस्ताव क्लेऑनचा होता. हे ऐकल्यावर वर्ग गप्प होतो आणि मग कुणीतरी म्हणतं, "मग जिंकलं कोण?" घंटा व्हायला आली असेल तर हा प्रश्न घरी जाऊ द्या.

निघण्याआधी प्रत्येकाने दोन ओळी लिहून द्यायच्या: सुरुवातीला लिहिलेलं मत बदललं का, आणि कोणत्या ओळीने किंवा कुणाच्या बोलण्याने? मत बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही. कारण मात्र हवं.

गुण आणि पोर्शन

किती वेळा बोलला यावर गुण देऊ नका. तसं केलं की मुलं ऐकायचं सोडून हात वर करण्याची संधी शोधतात. गुण त्या लेखी चिठ्ठ्यांवर आणि नंतरच्या दीड पानाच्या टिपणावर द्या. टिपणात वर्गातल्या निदान एका विरोधी मुद्द्याचा प्रामाणिक उल्लेख आणि त्याला उत्तर, हा निकष ठेवा. ज्याच्या तोंडून तासभर शब्द निघाला नाही, त्याचं टिपण पुष्कळदा सर्वांत चांगलं असतं.

पोर्शन संपत नाही, ही तक्रार रास्त आहे. प्रत्येक धडा असा घेता येणार नाही आणि घेऊही नये. चांगलं व्याख्यान ही वाईट चर्चेपेक्षा कधीही बरी गोष्ट. सत्राच्या सुरुवातीला अभ्यासक्रमातल्या अशा चार-पाच जागा हेरा, जिथे जाणकारांमध्येच मतभेद आहेत. तेवढेच तास चर्चेला द्या आणि ते आधी वेळापत्रकात लिहून टाका. 'वेळ उरला तर' म्हटलं की तो उरत नाही.

पहिल्या दोन-तीन तासांना एखाद्या सहकाऱ्याला मागे बसवून नकाशा काढायला सांगा: बैठकीची आकृती काढायची, आणि कुणी बोललं की ज्याला उद्देशून बोललं त्याच्याकडे रेघ ओढायची. बहुतेक वेळा सगळ्या रेघा शिक्षकाकडे जाऊन तिथून परत येताना दिसतात. असं असेल तर पुढच्या तासाला फळ्यासमोरची जागा सोडा, मुलांच्या रांगेत बसा, कुणी तुमच्याकडे बघून बोलू लागलं की नजर उताऱ्यात घाला, आणि सहकाऱ्याला पुन्हा नकाशा काढायला सांगा.